हात लागलेला मोहरा

“खेळ तो खेळ, त्यात न्याय-अन्याय काय शोधावयाचा?” असे म्हणणारे लोक पुष्कळ आढळतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे नाही. खेळात कोणाचे शेत बुडत नाही, की कोणाची चूल विझत नाही. तथापि जेथे लाभ थोडा असतो तेथेच मनुष्य आपल्या मनाची खरी ठेवण दाखवितो. कारण तेथे सावध राहण्याचे त्यास काही प्रयोजन वाटत नाही. म्हणून आज आम्ही बुद्धिबळाच्या खेळातील, व त्यातही घड्याळ लावून घाईने खेळल्या जाणाऱ्या सामन्यांतील, एक लहानसा प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांनीही पुढे वाचावे. प्रश्न पटावरचा असला तरी तो पटावरच राहत नाही.

बुद्धिबळ हा आपल्या देशातील जुना खेळ होय. आपल्या गावांतून तो पारावर व ओसरीवर पुष्कळ काळ खेळला गेला आहे. त्या देशी रीतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, आणि राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मोकळीक असे. डाव संपेपर्यंत दिवस मावळला तरी कोणास घाई नसे. आता जे सामने भरतात ते फिडे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक संघटनेच्या नियमांनी खेळले जातात, आणि त्यांत आपल्या लोकांनी नावही मिळविले आहे. पुण्याचे अभिजित कुंटे हे 2000 साली ग्रँडमास्टर झाले. तो मान मिळविणारे ते चौथे भारतीय होते. 2025 सालच्या 28 जुलै रोजी जॉर्जिया देशातील बातूमी येथे नागपूरच्या 19 वर्षांच्या दिव्या देशमुख यांनी कोनेरू हंपी यांचा पराभव करून महिलांचा विश्वचषक जिंकला. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या दोघींचे दोन्ही सावकाश डाव बरोबरीत सुटले होते. चषक कोणाचा हे शेवटी जलद डावांनी ठरले. तेव्हा घाईचा डाव म्हणजे केवळ पोरखेळ, असे आता म्हणता येत नाही.

जलद डावात प्रत्येक खेळाडूस दहा मिनिटांहून अधिक परंतु तासाहून कमी वेळ मिळतो. त्याहूनही थोडा वेळ असेल तर त्यास अतिजलद डाव म्हणतात. दोघांच्या बाजूस दोन तोंडांचे घड्याळ असते. आपली चाल झाली की आपल्याकडील कळ दाबावयाची, म्हणजे आपला वेळ थांबतो व समोरच्याचा चालू होतो. ज्याचा वेळ सरला तो पटावर कितीही बलवान असला तरी बहुतेक प्रसंगी हरतो. अशा घाईत हात चुकतात, आणि हात चुकले म्हणजे तंटे होतात. त्याकरिता नियम केले आहेत. ज्या मोहऱ्यास चालविण्याच्या हेतूने हात लाविला, तोच चालविला पाहिजे. मोहरा घरात नीट बसवावयाचाच असेल तर, आपली पाळी असताना, आधी तसे बोलून दाखविले पाहिजे. चाल एकाच हाताने करावी, आणि त्याच हाताने घड्याळ दाबावे. धक्क्याने मोहरे पडले तर ज्याने पाडले त्याने ते आपल्याच वेळात उभे करावे. राजास शहात ठेवून, अथवा दुसरी कोणती नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबले, तर जलद डावात समोरच्यास दोन मिनिटे व अतिजलद डावात एक मिनिट अधिक मिळते. त्याच डावात पुन्हा तसे घडले तर साधारणपणे डावच जातो. आणि हे सर्व पाहण्यास एकेका पंचाकडे पुष्कळ पट असतात. प्रत्येक हातावर त्याची नजर कशी राहणार?

आता असे समजू या की, शिरूर येथे एका शाळेत एका दिवसाचे जलद सामने भरले आहेत. प्रत्येकास पंधरा मिनिटे आहेत. शेवटच्या फेरीत घोडनदीकाठचा एक शिरूरचा मुलगा, आणि सकाळी न्हावऱ्याच्या वाटेने गाडीत बसून आलेला एक दौंडचा मुलगा, असे समोरासमोर बसले आहेत. दौंडच्या मुलाचा डाव वरचढ आहे, परंतु त्याच्या घड्याळात मिनिटभरच उरले आहे. तो वजिरास हात लावितो, उचलतो, आणि त्याच क्षणी त्याला दिसते की वजीर कोठेही नेला तरी तो जाणार. तो वजीर पुन्हा त्याच घरात ठेवितो, हत्ती चालवितो, घड्याळ दाबितो. पंच दुसऱ्या पटाशी गुंतलेला आहे. पाहिले ते फक्त समोरच्या मुलाने. तिसरा एक मुलगा आपला डाव आटोपून भिंतीशी उभा आहे. दौंडचा मुलगा हरला तर पहिले बक्षीस ह्या तिसऱ्याचे, जिंकला तर नव्हे. त्याला मात्र पटावर काय झाले ते ठाऊक नाही.

शिरूरच्या मुलाने काय करावे? त्याने घड्याळ थांबवून पंचास हाक मारावी, की गप्प राहून पुढे खेळावे?

काही सज्जन म्हणतील, “त्याने गप्प राहावे. दुसऱ्याच्या हातचुकीवर डाव जिंकणे हे थोर मनाचे लक्षण नव्हे. जो बुद्धीने जिंकत नाही तो नियमाच्या कुबडीवर जिंकतो.” ह्या बोलण्यात गोडवा आहे, आणि आमच्या मंडळींतील पुष्कळांस हेच उत्तर प्रथम सुचेल, कारण क्षमा करणे चांगले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. क्षमा कोणी कोणाची करावयाची? जी वस्तू माझी आहे तीच मी देऊ शकतो. शेजाऱ्याने माझे शंभर रुपये बुडविले तर ते मी सोडू शकेन. त्याने तुमचे बुडविले असता मी “सोडले” म्हटले तर त्यास औदार्य कोण म्हणेल?

आपल्या भागातील शेतकऱ्यास हे पटकन कळेल. दौंड तालुक्यात मुठा उजव्या कालव्याचे पाणी येते, आणि शिरूर तालुक्यात चासकमानच्या डाव्या कालव्याचे. पाणी पाळीने मिळते. समजा, वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने आपली पाळी संपल्यावरही दार उघडेच ठेविले, आणि त्याच्या शेजाऱ्याने “जाऊ द्या, आपलेच माणूस आहे” म्हणून डोळेझाक केली. शेजारी स्वतःस उदार समजेल. परंतु ज्याचे पीक वाळले तो शेवटच्या टोकाचा शेतकरी आहे, आणि त्याला कोणी विचारलेही नाही. शेजाऱ्याने दुसऱ्याच्या विहिरीतून दान केले. पटाजवळ भिंतीशी उभा असलेला तिसरा मुलगा हा तसाच टोकाचा शेतकरी होय. दोघे मित्र ओसरीवर खेळत असतील तर हातचूक खुशाल सोडावी, चाल परत घेऊ द्यावी. तेथे दोघांपलीकडे कोणाचे काही जात नाही. सामन्यात मात्र एकाची भीड ही दुसऱ्याची हानी होऊ शकते. शिवाय जो एकदा सोडितो तो सर्वांस सारखे सोडीत नाही. ओळखीच्याला सोडितो, परक्याला धरितो. मग दयेच्या नावाखाली पक्षपात आत शिरतो.

म्हणून आमचे मत असे आहे की, शिरूरच्या मुलाने हरकत घेतली तर त्याला क्षुद्र म्हणू नये. हरकत घेणे आणि भांडण करणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. 1976 साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद सामन्यांत खेळावयास बसल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या वेळी त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी असा निर्णय दिला की, स्त्रियांस अशा सामन्यांतून वगळता येणार नाही. ती गोष्ट हातचुकीहून फार मोठी होती हे उघड आहे; तरी तिच्यावरून इतके दिसते की, नियमाने जे आपले आहे ते शांतपणे मागणे हा उद्धटपणा नव्हे. पुष्कळ वेळा जो गप्प राहतो तो सौजन्याने नव्हे, भीतीने गप्प राहतो.

ह्याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. 1994 साली स्पेनमधील लिनारेस येथे गॅरी कास्पारोव्ह आणि हंगेरी देशाची सतरा वर्षांची जुडिथ पोल्गार यांचा डाव झाला. तो जलद डाव नव्हता, परंतु प्रश्न हाच होता. कास्पारोव्हने घोडा एका घरात ठेविला, क्षणभर सोडिला, आणि चूक दिसताच उचलून दुसऱ्या घरात नेला. चित्रफितीत पुढे असे दिसून आले की, त्याची बोटे सेकंदाचा सुमारे पाव भाग घोड्यापासून सुटली होती. मुलीने पाहिले होते; परंतु समोर जगातला सर्वांत बलाढ्य खेळाडू होता, आणि तिने त्या वेळी पंचाकडे तक्रार केली नाही. डाव कास्पारोव्हने जिंकला. नियम असा आहे की, हात लागल्याची हरकत ताबडतोब घ्यावी. आपण आपल्या मोहऱ्यास चालविण्यासाठी हात लाविला की तो हक्क गेला. हा नियम कडक वाटतो, परंतु त्यात मोठे शहाणपण आहे. बोलावयाचे असेल तर आताच बोला. नाही तर सोडून द्या आणि मनातूनही काढून टाका. आपल्या वाड्यांतून व भावकीतून किती तंटे असे आहेत की, ज्या दिवशी बोलावयाचे त्या दिवशी कोणी बोलले नाही, आणि पुढे वीस वर्षे ते दुसऱ्यांपाशी बोलत राहिले!

येथवर आम्ही शिरूरच्या मुलाचा विचार केला. परंतु वाचकहो, खरा प्रश्न त्याचा नाहीच. आपण सर्व लोक तंटा निघाला की हरकत घेणाऱ्याकडे पाहतो, आणि “ह्याने घ्यावी की न घ्यावी” ह्यावर वाद घालितो. ज्याचा हात लागला त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः हा सगळा पेच दौंडच्या मुलाने उत्पन्न केला, आणि तो एका वाक्याने सोडविणेही त्याच्याच हाती आहे. “माझा हात वजिरास लागला होता,” एवढेच त्याने म्हणावे. मग शिरूरच्या मुलास ना क्षुद्र व्हावे लागेल, ना भित्रा. पंचास साक्षीदार शोधावे लागणार नाहीत. भिंतीशी उभ्या असलेल्या मुलाचे जे असेल ते त्याला मिळेल.

नियमाविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: दुसऱ्याविरुद्ध नियम मागणे हा हक्क आहे, आणि हक्क वापरावा की न वापरावा ह्याचा विचार करिता येतो, स्वतःविरुद्ध नियम मानणे हे कर्तव्य आहे, आणि त्यात विचार करण्यास जागा नाही. आपण मात्र उलट चालतो. दुसऱ्याचा हात लागला की नियमाचा एकेक शब्द आपल्याला आठवतो, आपला हात लागला की आपण म्हणतो, “चुकून लागला, हेतू नव्हता, घाई होती.” हेतू होता की नव्हता हे पंचास ठाऊक नसते, समोरच्यास ठाऊक नसते. ते ठाऊक असणारा मनुष्य पटापाशी एकच असतो. म्हणून सर्वांत मोठा पंच तोच, आणि त्यालाच लाच देणे सर्वांत सोपे.

दुसऱ्या टोकाचाही एक दोष सांगितला पाहिजे. काही लोक नियम पाळण्यासाठी नव्हे, सापळा मांडण्यासाठी शिकतात. समोरच्याची मिनिटे सरत आली की मुद्दाम टेबलावर बोटे वाजवावी, उसासे टाकावे, मोहरा घराच्या कडेवर तिरका ठेवावा, म्हणजे तो गोंधळेल आणि चुकेल. मग लगेच पंचास हाक मारावी. समोरच्यास त्रास देऊ नये असा नियमच आहे. परंतु अशा बारीक खोड्या पंचापुढे सिद्ध करणे कठीण. येथे हरकतीचे शब्द खरे असूनही मनुष्य खोटा असतो.

2017 सालच्या डिसेंबरात सौदी अरेबियातील रियाध येथे अतिजलद डावांच्या जागतिक स्पर्धेत एक चमत्कारिक प्रसंग घडला. रशियाचे अर्नेस्तो इनार्किएव्ह यांच्या राजास नॉर्वेचे जगज्जेते माग्नुस कार्लसन यांचा शह होता. तो शह न काढता इनार्किएव्ह यांनी उलट कार्लसन यांसच घोड्याचा शह दिला. ही चाल नियमबाह्य होती. परंतु घाईत कार्लसन यांनी तक्रार न करिता आपला राजा बाजूस नेला. तेव्हा इनार्किएव्ह यांनी घड्याळ थांबवून असा दावा केला की, कार्लसन यांचीच चाल नियमबाह्य झाली, सबब डाव आपला. पंचाने प्रथम तो मान्य केला. कार्लसन यांनी दाद मागितली, तेव्हा मुख्य पंचाने ठरविले की, आहे त्या स्थितीपासून डाव पुढे चालवावा. इनार्किएव्ह यांनी खेळण्यास नकार दिला, आणि डाव कार्लसन यांस गेला. इनार्किएव्ह यांच्या मनात काय होते हे आपण सांगू शकत नाही, व सांगूही नये. परंतु बाहेरून पाहणाऱ्यास इतके स्पष्ट दिसते की, आपल्या चुकीतून आपणच लाभ मागणे हे कोणत्याही न्यायात बसत नाही. आणि मुख्य पंचाने दोघांसही शिक्षा न देता पुन्हा खेळावयास सांगितले, हा निर्णय मोठा समंजस होता. फिडेच्या नियमांच्या आरंभीच असे मान्य केलेले आहे की, प्रत्येक प्रसंग नियमांत बसविता येत नाही. जेथे नियम मुका असेल तेथे पंचाने आपल्या विवेकाने व निःपक्षपातीपणाने निर्णय करावा.

आता जे गुरुजी, उपदेशक किंवा तरुण मंडळांचे चालक गावात असे सामने भरवितात, त्यांस दोन शब्द. तंट्यांपैकी अर्धे तंटे लबाडीने होत नाहीत, अज्ञानाने होतात. आजोबांपाशी देशी रीतीने शिकलेला मुलगा प्यादे एकच घर सरकवितो, आणि समोरच्याने दोन घरे नेले की “हा फसवितो” असे म्हणून रडतो. किल्लेकोट करिताना कोणी आधी हत्तीस हात लावितो. मग नियमाप्रमाणे त्यास हत्तीच चालवावा लागतो, आणि त्याला वाटते की आपल्याला लुबाडिले. म्हणून पहिल्या फेरीपूर्वी पाच मिनिटे काढून नियम मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मुलांस प्रश्न विचारू द्यावे. नियम सर्वांस आधी कळलेला असला म्हणजे नंतर तो कोणाचे शस्त्र होत नाही. निर्णय देताना मुलगा कोणाचा, कोणत्या वस्तीचा, कोणत्या शाळेचा, हे पाहू नये. आणि ज्याने आपली चूक आपण होऊन सांगितली त्याची, डाव हरला तरी, सर्वांदेखत दोन शब्दांनी वाखाणणी करावी. चषक जिंकणाऱ्यास टाळ्या मिळतातच.

असो. कोणी विचारील की, दौंडच्या मुलाने खरे सांगितले तर त्याचे बक्षीस गेले, मग त्याला काय मिळाले? आम्ही त्याला खोटे आश्वासन देणार नाही. त्याला काही मिळेलच असे नाही. संध्याकाळी गाडीत तो रिकाम्या हाताने बसेल, त्याचे सोबती त्याला भोळा म्हणतील, घरी बाप विचारील, “पंचाने पाहिले नव्हते ना? मग बोललास कशाला?” ह्या प्रश्नाला उत्तर देणे त्या वयात कठीण आहे. परंतु हाच मुलगा पुढे कोणाच्या दुकानात तराजू धरील, कोणाच्या शेताची मोजणी करील, ग्रामपंचायतीत हिशेब ठेवील. तेथेही पंच दुसऱ्या पटाशी गुंतलेला असेल. त्या दिवशी त्याच्या हाताला कोणती सवय लागलेली आहे, ह्यावर भिंतीशी उभ्या असलेल्या कोणा तिसऱ्याचे पोट अवलंबून राहील. ज्या बापाने तो प्रश्न विचारला त्यालाही आपला धान्याचा पोता अशाच माणसाच्या तराजूवर चढावा असे वाटत असते.

तेव्हा मुलांस खेळू द्या, घड्याळ लावून खेळू द्या, जिंकण्यासाठी खेळू द्या. हरकत घ्यावयाची तर ताबडतोब, शांतपणे, समोरच्याविषयी मनात विष न ठेविता घ्यावी, हे त्यांस शिकवा. आणि त्याहून आधी हे शिकवा की, हात कोणाचा लागला हे सांगण्याची पाळी ज्याचा हात लागला त्याची असते.